झाडीपट्टीची पोस्टरं, पत्र्याच्या पाट्या आणि देखणी अक्षरं: तुम्ही कोणाचं काम बघून शिकता?

वडसा_डीटीपी

नमस्कार मंडळी.

गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरी रस्त्यावरच्या एका गावात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे फलक, वाढदिवसाचे बॅनर, पोळ्याच्या शुभेच्छा हे वर्षभर सुरूच असतं, पण दिवाळी झाली की होळीपर्यंत मुख्य काम नाटकांचं. झाडीपट्टी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा आमचा धानाचा पट्टा. धान निघालं की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक असतं. दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशात. गावची पोरं येतात, तारीख धरतात, इसार देतात, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात उभी: "ताई, पोस्टर पाहिजे."

मला ही पोस्टरं मनापासून आवडतात. एका कागदावर नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नट-नट्या, ऑर्गन-तबलेवाले, गाव, तारीख, स्थळ, तिकिटाचे दर, आणि हे सगळं बसथांब्यावर उभ्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे. हे सोपं काम नाही. जो ते नीट करतो तो मोठा कलावंत, असं मी मानते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा अभिनंदनाच्या फलकावर मी मधोमध फक्त त्यांचं नाव ठेवलं, खाली 'पद्मश्री' आणि सगळीकडून मोकळी जागा. एकाही पुढाऱ्याचा फोटो नाही. मंडळाच्या पोरांनी तो तसाच लावला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता प्रश्न. कोणाचं अक्षरकाम, कोणाची मांडणी बघून तुम्ही शिकता? 'छान फॉन्ट'ची यादी नको, ती कुठेही मिळते. एखादं काम सांगा आणि त्यात नेमकं कुठे बघायचं ते सांगा.

सुरुवात मी करते. वडशात एका बंद पडलेल्या नाट्यमंडळाच्या दारावर पत्र्याची जुनी पाटी आहे. पांढऱ्या जमिनीवर लाल अक्षरं, काळी शेड. कोपऱ्यात पेंटरचं नाव होतं, ते गंजानं खाल्लं. मंडळाचं नाव इथे देत नाही, पण त्यातला शेवटचा 'मंडळ' हा शब्द मी तासन् तास बघू शकते. अनुस्वार गोल नाही, शंकरपाळ्यासारखा तिरपा चौकोन आहे. 'ड'चं पोट खालच्या रेघेच्या खाली उतरलंय आणि त्यानं 'म'च्या सरळ दांड्याला छान उत्तर दिलंय. आणि 'ळ'! आपल्या बहुतेक फॉन्टमध्ये 'ळ'च्या दोन्ही वाट्या अगदी सारख्या असतात. इथे उजवी वाटी डावीपेक्षा लहान आहे आणि किंचित वर उचललेली आहे. त्यामुळे शब्दाला शेवट आल्यासारखा वाटतो, डोळा तिथे टेकतो. शिरोरेषा मधात जराशी बारीक होते आणि टोकाला पुन्हा भरते. अगदी जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या लाल रंगाचा थर अक्षरांच्या दांड्यांवर चढलेला दिसतो, म्हणजे ती सगळ्यात शेवटी ओढली असावी. असं का करत असतील?

मी त्या शब्दाचा फोटो काढला, कोरल या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून रेषा काढल्या आणि 'ळ'ची ती वाटी काही केल्या जमेना. बिंदू कमी केले तेव्हा कुठे वळण जिवंत झालं. तिथे ब्रश एकदाच वळलाय, तर आपल्यालाही तिथे दोनच बिंदू पाहिजेत.

अशी कामं तुमच्याकडे कुठली आहेत? गावातली सांगा, मोठ्या शहरातली सांगा, जुन्या छापखान्यातली सांगा. आणि एक तांत्रिक शंका: मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' युनिकोड फॉन्टमध्ये कसे आणायचे? पोस्टरवर हिंदी वळणाचा दांड्याचा 'ल' आला की मला चैन पडत नाही.

---

कूची_आणि_पत्रा

बेटा, तुझं लिहिलेलं नातवानं वाचून दाखवलं. आता मी सांगून राहिलो अन् तो टाइप करून राहिला. मी सिंदेवाहीकडचा, बोर्ड रंगवण्यातच जिंदगी गेली.

शिरोरेषेचं तू बरोबर पकडलंस. आधी दोरी मारायची. सुती दोरी गेरूत बुडवायची, दोन टोकं ताणून धरायची अन् मधातून उचलून सोडायची. पांढऱ्या पत्र्यावर सरळ लाल रेघ उमटते. वरची एक, खालची एक. मंग खडूनं नुसते दांडे मारून पाहायचे, म्हणजे शब्द पाटीवर बसते का नाही ते समजते. रंग भरताना दांडा वरच्या रेघेच्या थोडा वर न्यायचा. सगळी अक्षरं झाली की चपटा ब्रश भरून शिरोरेषा एका दमात ओढायची. दांड्यांची वरची टोकं तिच्याखाली झाकून जातात. आधी शिरोरेषा काढली तर प्रत्येक दांड्यापाशी जोड दिसते, अन् तो जोड कितीही रंगवला तरी लपत नाही. तुले जो थर दिसला तो हाच. मधात बारीक होते ते ब्रशातला रंग कमी होतो म्हणून, अन् टोकाला हात थांबते म्हणून तिथं भरते. चांगला पेंटर ते मुद्दाम तसंच राहू देतो.

अनुस्वार चौकोनी काहून? चपटा ब्रश तिरपा टेकवला अन् उचलला, झाला अनुस्वार. गोल काढत बसलं तर उभ्या पाटीवर इनॅमल ओघळते.

'ळ'च्या दोन्ही वाट्या सारख्या केल्या तर लांबून त्याचा गिच्च गोळा दिसते. एक लहान ठेवली की पोटात उजेड राहते. हे मले कोणी सांगितलं नव्हतं. पाटी टांगून झाली की मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचो अन् तिथून दिसे. तुझ्या कंप्युटरवरही तसंच कर. काम झालं की खुर्ची सोड अन् दारापासून पाह.

भिंतीची गोष्ट येगळी. २००० साली गाडगेबाबांच्या नावानं ग्राम स्वच्छता अभियान आलं, तवा आम्हा पेंटर लोकायले जेवायले फुरसत नव्हती. गावच्या गावं रंगवली. मातीच्या भिंतीवर ब्रश उड्या मारते, बारीक अक्षर तिथं चालतच नाही. आधी चुन्याचा हात, त्याच्यावर जाड अक्षर, अन् दांडा जाड केला की पोकळीही मोठी करायची. नाहीतर 'स्वच्छ'मधला 'च्छ' बुजून जाते. तो 'च्छ' ज्याले भिंतीवर जमला त्याले मी पेंटर म्हणतो.

तू विचारलं कोणाचं काम पाहावं. मी तं एसटीच्या जुन्या लोखंडी पाट्या पाहतो, गाडीच्या समोर लावत त्या. पाटी सगळ्यायले सारखीच, पण एकीवर 'वणी' अन् दुसरीवर 'ब्रह्मपुरी'. 'वणी' पसरून लिहायचं अन् 'ब्रह्मपुरी' कोंबायचं हे अडाण्याचं काम. ज्याले समजे तो 'ह्म'चा 'म' 'ह'च्या पोटाखाली बसवे, अन् जागा वाचे. अशा पाटीवर नाव बिव राहत नाही. पण हात ओळखू येते.

---

आर्वीचा_पुण्यात

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. काकांना नमस्कार. हे सगळं कुठल्याही कला महाविद्यालयात शिकवलं पाहिजे. मी मूळचा आर्वीचा, आता पुण्यात पुस्तकांची मांडणी करतो.

तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं नाव म्हणजे कमल शेडगे (१९३५-२०२०). वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी आयुष्यभर नाटकांची नावं हातानं काढली. रंग नाही, फोटो नाही, खरबरीत कागदावर काळी शाई आणि हातभरही नाही एवढी जागा. तरी नाव बघूनच नाटक हसवणारं आहे, इतिहासातलं आहे की रहस्याचं, याचा अंदाज यायचा. काय बघायचं ते सांगतो: पुष्कळ नावांत खेळ एखाद्याच अक्षराशी किंवा वेलांटीशी असतो, बाकीची अक्षरं शांत उभी असतात. आपण पोस्टरवर प्रत्येक अक्षराला नटवतो आणि मग कोणतंच दिसत नाही. त्यांची जुनी कात्रणं कुठे मिळाली तर ती समोर ठेवून पेन्सिलीनं गिरवा. मी गिरवली आहेत, हात बदलतो.

दुसरे र. कृ. जोशी (१९३६-२००८). कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईच्या अभिकल्प केंद्रातले शिक्षक. विंडोजमधला 'मंगल' हा फॉन्ट त्यांनी घडवला. लोक मंगलला नावं ठेवतात, पण पडद्यावर बारीक आकारात देवनागरी वाचता यावी म्हणून तो केलेला आहे, दहा फुटी फ्लेक्सवर ताणायला नाही. त्यांच्या सुलेखनात शब्द वाचायच्या आधी ऐकू येतो. सुलेखनकार अच्युत पालवांचं मोडीवरून पुढे गेलेलं कामही याच वाटेवरचं, नक्की बघा.

तिसरं, घरात किंवा देवळात निर्णयसागरची जुनी छापील पोथी असेल तर काढा. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. ते लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामावर होते. त्यांच्याकडे राणोजी रावजी आरू यांनी पोलादात अक्षरांचे ठसे कोरले, तेही उलटे, प्रत्येक मापासाठी वेगळे. निर्णयसागरच्या पानावर 'द्ध', 'क्त', 'द्य' ही जोडाक्षरं बघा. काकांनी सांगितलेला 'ह'च्या पोटाखालचा 'म' तिथेही सापडेल.

आता तुमची तांत्रिक शंका. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये मराठी आणि हिंदी वळणं दोन्ही भरलेली असतात, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी. मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की 'ल' पाकळीचा आणि 'श' देठाचा आपोआप येतो. भाषा हिंदी राहिली तर दांड्याचा येणार. लिबरऑफिसमध्ये हे लगेच दिसतं. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर सुरू करून भाषा मराठी करा. २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच वळणं दिली आहेत, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या फलकावर कोणी हटकलं तर तो दाखवा.

बॅनरवाल्यांसाठी दोन गोष्टी, कारण रोज डोळ्यांना खुपतात. अक्षरांना आउटलाईन द्यायच्या आधी सगळा शब्द वेल्ड करा, म्हणजे अक्षरं जोडून एकच आकार करा. नाहीतर शिरोरेषेच्या प्रत्येक जोडावर उभी रेघ उमटते. आणि फॉन्ट आडवा ताणू नका: दांडे जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि शब्द पोटातून सुजतो. रुंद पाहिजे असेल तर मुळातच रुंद असलेला फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'बालू' आणि 'मोदक' मोफत आहेत, धंद्याच्या कामालाही वापरता येतात. कॅथरिन श्मिट यांचा 'यात्रा वन' बघा, तो मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. हनीफ कुरेशी यांनी तर देशभरातल्या पेंटरांची अक्षरं जमवून, त्यांचे डिजिटल फॉन्ट करून त्या पेंटरांचीच नावं दिली. २०२४ मध्ये ते गेले. सिंदेवाहीच्या काकांची अक्षरंही अशी जपली पाहिजेत, हे मी अगदी मनापासून म्हणतो.

---

वणी_फ्लेक्स

सगळं पटलं ताई, पण गिऱ्हाईक गाडीवर बसूनच सांगते, "अर्ध्या तासात पाहिजे." चौरस फुटावर भाव. बाजूचा दुकानदार दोन रुपये कमी घेते. अक्षर कधी काढायचं अन् त्याचे पैसे कोण देईल?

---

वडसा_डीटीपी

वणीचे भाऊ, तुमचं म्हणणं खरं आहे, मलाही अक्षराचे वेगळे पैसे कोणी देत नाही. मी काय करते ते सांगते. झाडीपट्टीत त्याच कंपनीचं तेच नाटक सगळ्या मोसमात वेगवेगळ्या गावांत होतं. म्हणून पावसाळ्यात, दुकान रिकामं असतं तेव्हा, कंपन्यांकडून त्या वर्षीच्या नाटकांची नावं मागून घेते आणि प्रत्येक नाव एकदाच नीट काढून ठेवते. मोसमात गाव, तारीख आणि स्थळ तेवढं बदलायचं. अर्ध्या तासात पोस्टर जातं. मागच्या मोसमात दुसऱ्या एका दुकानातून झालेल्या पोस्टरवरही माझंच काढलेलं नाव होतं, फोटोतून उचललेलं. मला आनंदच झाला, कारण त्या नाटकाचं तेच नाव आता लोकांच्या ओळखीचं झालंय. कंपनीनं पुढच्या नाटकाचं नाव काढायला मलाच सांगितलं आणि त्याचे पैसेही दिले.

काका, दांड्याची टोकं शिरोरेषेखाली झाकायची हे वाचून मी लगेच करून पाहिलं. आधी शिरोरेषा काढून मग अक्षरं लटकवत होते, आता उलटं केलं. कागदावर बोरूनं सुद्धा फरक पडला.

पुण्याचे दादा, भाषा मराठी केल्यावर 'ल' बदलला! समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला दाखवला, त्यांनाही दिसला. कात्रणं शोधते.

---

तिवशाचे_मास्तर

आमच्या भागात, गुरुकुंज मोझरीच्या आसपास, घरांच्या आणि शाळांच्या भिंतींवर ग्रामगीतेच्या ओव्या लिहिलेल्या दिसतात. एका ओवीत अक्षरं पुष्कळ, भिंत आखूड, खिडकी मधेच. जुन्या रंगाऱ्यांनी ओळ खिडकीपाशी तोडताना शब्द कधी तोडला नाही, चरण तोडला. वाचणारा थांबतो तिथेच ओळ थांबते. पोस्टरवर नाटकाचं लांबलचक नाव दोन ओळीत बसवताना हा नियम फार उपयोगी पडेल. 'सासू' वर आणि 'सून' खाली चालेल, पण 'आणि' कोणत्या ओळीत जातो याकडे लक्ष द्या. तो वरच्या ओळीच्या शेवटी लटकला की वाईट दिसतो.

मी रोज फळ्यावर सुविचार लिहितो. खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा आडवा धरला की एकाच हालचालीत जाड-बारीक मिळतं. पोरांना बोरू द्यायच्या आधी मी हेच देतो. आणि बोरू तासताना एक सांगा त्यांना: देवनागरीच्या बोरूचा कट इंग्रजी टाकाच्या उलट्या बाजूला असतो. बाजारातले तयार कॅलिग्राफी पेन इंग्रजीसाठी कापलेले असतात, म्हणून त्यांनी लिहिलेला 'र' नको तिथे जाड होतो आणि पोरं समजतात आपला हात वाईट.

ताई, त्या 'मंडळ'चा फोटो इथे टाकाल का? उद्या फळ्यावर काढून दाखवतो. सातवीतल्या एकीचा 'ळ' फार सुरेख आहे, तिला आवडेल.

---

वडसा_डीटीपी

मास्तर, फोटो टाकला आहे. दुसरा फोटो उन्हाच्या वेळी तिरप्या उजेडात काढलाय, त्यात रंगाचे थर दिसतात. तिचा 'ळ' आम्हालाही दाखवा.

काका, एक विनंती. तुमची पूर्ण बाराखडी मला कागदावर हवी आहे, जोडाक्षरांसकट. तुमच्या नावानं जपून ठेवेन, आणि दादांनी मदत केली तर तिचा फॉन्टही करू, नाव तुमचंच राहील. येत्या रविवारी सिंदेवाहीला येऊ का? गोंदिया-बल्लारशा गाडीनं सरळ येता येतं.

---

आर्वीचा_पुण्यात

मदत नक्की. बाराखडी करताना काकांना अक्षर मोठं काढायला सांगा, तळहाताएवढं तरी, आणि प्रत्येक स्वराचं चिन्ह वेगळं. शिरोरेषा काढू नका, ती फॉन्टमध्ये आपण जोडू. फोटोऐवजी स्कॅन हवा.

---

कूची_आणि_पत्रा

ये बेटा. शिरोरेषेशिवाय अक्षर काढाले मले जमेल का नाही पाहू, आजवर कोणी मागितलं नव्हतं. तुझ्याकडून दोन बाय तीनचा कोरा पत्रा घेऊन ये, पांढरा हात मारलेला. 'मंडळ' तुझ्या हातानं लिहून पाहू. ब्रश अन् टर्पेन्टाइन माझ्याकडे आहे.